तिरका जोर आणि सरळ खुंटी : दातांच्या इम्प्लांटच्या सोळा गोष्टी

जमिनीत रुतलेली खुंटी उपटायची असेल, तर कोणी ती सरळ वर ओढत बसत नाही. आधी डावी-उजवीकडे हलवतात, भोक सैल करतात, मग खुंटी आपसूक हातात येते. जबड्याच्या हाडात बसवलेल्या इम्प्लांटचंही असंच आहे. वरून सरळ येणारा दाब तो वर्षानुवर्षं पेलतो, आडवा हिसका मात्र त्याला सोसत नाही. इम्प्लांट म्हणजे पडलेल्या दाताच्या मुळाच्या जागी बसणारा धातूचा स्क्रू. त्याची जाडी, त्याचे आटे, तो बसवण्याचा कोन, वरच्या कॅपचा आकार या सगळ्यांचं काम एकच : आडव्या जोराला आवर घालणं. चणे खाण्यासाठी पुन्हा दात मिळवून देणाऱ्या या इवल्याशा स्क्रूमागे केवढा विचार आहे, बघा.

१. शिंपल्याचे दात

१९३१ मध्ये होंडुरासमध्ये एका माया स्त्रीचा सुमारे इ. स. ६०० मधला जबडा सापडला. त्यात समोरच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे घासून आकार दिलेले तुकडे ठोकलेले होते. बरीच वर्षं सर्वांना वाटलं, मृत्यूनंतर केलेली ही सजावट असावी. पुढे १९७० च्या सुमारास एक्स-रे काढले, तेव्हा तुकड्यांभोवती नवं हाड धरलेलं दिसलं. म्हणजे ते जिवंतपणीच बसवले होते! परकी वस्तू घट्ट, न हलता बसली तर हाड तिला आपलंसं करतं. हलत राहिली तर मात्र नाही. आजचे तज्ज्ञ म्हणतात, जखम भरण्याच्या काळात इम्प्लांट साधारण १५० मायक्रॉनपेक्षा जास्त हलला, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ तंतूंचं आवरण तयार होतं आणि तो कायमचा सैल राहतो. १५० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा सहावा हिस्सासुद्धा नाही.

२. सशाच्या पायातून न निघालेली कुपी

१९५२ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडातलं रक्ताभिसरण अभ्यासत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमची छोटी कुपी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले, तर निघेचना. हाड धातूला चिकटलं होतं! हा अडथळाच त्यांच्या आयुष्याचा शोध ठरला. १९६५ मध्ये गोथेनबर्गला त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं, त्या दातांनी त्यांना साथ दिली.

३. रत्नागिरीच्या काळ्या वाळूतला धातू

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी काळसर, चकाकती, हातात घेतली की जड लागणारी वाळू दिसते. तिच्यात इल्मेनाइट हे खनिज असतं. टायटॅनियमचं हे एक मुख्य खनिज. या धातूची गंमत अशी, की हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप धरतो आणि हाडाचं सूत जुळतं ते या थराशी. पण टायटॅनियम आहे कडक. जबड्याच्या घट्ट हाडापेक्षा साधारण पाच ते दहा पट जास्त ताठ. जिथे ताठ वस्तू लवचिक वस्तूला भेटते, तिथे जोर सारखा वाटला जात नाही, सांध्याशी साचतो. पुढच्या सगळ्या कहाणीचं मूळ या साचण्यात आहे.

४. दाताला गादी, इम्प्लांटला नाही

नैसर्गिक दात हाडाला थेट जोडलेला नसतो. मुळाभोवती सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीची तंतूंची गादी असते. दाबलं की दात २५ ते १०० मायक्रॉन खाली जातो, इम्प्लांट मात्र जेमतेम ३ ते ५. बैलगाडीचा धक्का आणि कमानपाट्याच्या गाडीचा धक्का यांत जेवढा फरक, तेवढाच हा. गादीत चेताही असतात. भातात खडा आला की दात पटकन थांबतात, ते त्यांच्यामुळे. इम्प्लांटला दाब जाणवायला नैसर्गिक दातापेक्षा आठ-नऊ पट जास्त जोर लागतो, असं मोजमापातून दिसलं आहे. म्हणून इम्प्लांटवर जोर जास्त पडत असला, तरी माणसाला ते लवकर कळत नाही.

५. तोंडातलं जातं

आपण घास नुसता वर-खाली चावत नाही. खालचा जबडा बाजूला सरकतो, घास रगडतो आणि परत जागेवर येतो. जात्यासारखंच हे. त्यामुळे पूर्ण सरळ जोर तोंडात क्वचितच असतो. धडधाकट माणसाच्या दाढांचा कमाल चावा ५०० न्यूटनच्या पुढे, म्हणजे पन्नास किलोंच्या वजनाइतका जाऊ शकतो. रोजच्या वरण-भाताला त्याचा छोटासा वाटा पुरतो. चिक्की, सुपारी आणि उसाचं कांडं मात्र त्या कमाल आकड्याच्या दिशेने नेतात.

६. शाळेतलं गणित, जबड्यातला ताण

आता हिशेब करू. १०० न्यूटनचा, म्हणजे साधारण १० किलो वजनाएवढा जोर घ्या. तो इम्प्लांटच्या अक्षाला १५ अंशांनी तिरका आला, तर त्यातले २६ न्यूटन आडवे जातात. ३० अंशांना ५०. ४५ अंशांना ७१. गंमत पाहा : ३० अंशांनाही सरळ खाली जाणारा वाटा ८७ च राहतो, फारसा घटत नाही. आडवा वाटा मात्र शून्यावरून निम्म्यावर पोहोचतो. त्यात उंचीची भर. हाडाच्या वर दात ८ मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटर उंच असेल, तर तोच आडवा जोर मुळाशी दीडपट वाकवतो. उंच पहारीने दगड सहज उलथतो, तोच हा नियम.

७. ताण तळाशी नाही, गळ्याशी

वाटतं, की जोर स्क्रूच्या टोकाशी पोहोचत असेल. प्रत्यक्षात बहुतेक ताण इम्प्लांटच्या गळ्याशी, म्हणजे हाडात शिरल्यावरच्या पहिल्या काही आट्यांपाशी साचतो. तिथेच हाडाचं वरचं घट्ट कवच असतं. म्हणूनच लांबीपेक्षा जाडी जास्त कामाची ठरते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय अभ्यासात व्यास ३.६ वरून ४.२ मिलिमीटर केला, तर गळ्याशी येणारा कमाल ताण ३१.५ टक्क्यांनी उतरला. पुढे ५ मिलिमीटरपर्यंत नेल्यावर आणखी १६.४ टक्केच. लांबी वाढवून एवढा फरक पडला नाही. स्क्रूलाही जाडीचा फायदा मिळतो. भरीव दांड्याची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, त्यामुळे ३ मिलिमीटरचा दांडा ४ चा केला की ती सव्वादोन पटीहून जास्त होते. पण म्हणून वाटेल तेवढा जाड स्क्रू चालत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना पुरेसं हाड शिल्लक राहावं लागतं.

८. आट्यांचा आकार उगाच नसतो

हाड दाबायला मजबूत. ओढलं तर त्याची ताकद साधारण ३० टक्क्यांनी कमी पडते आणि कातरीसारखे दोन भाग एकमेकांवरून सरकवले, तर सुमारे ६५ टक्क्यांनी. मग आटे असे हवेत, की सरकण्याचं दाबण्यात रूपांतर व्हावं. इंग्रजी व्ही अक्षरासारखे उतरते आटे जोराचा काही भाग बाजूला, सरकवण्याकडे वळवतात. चौकोनी आटे आडव्या फळीसारखे हाडावर टेकतात आणि जोर दाबाच्या रूपात देतात. काही कंपन्या गळ्यापाशी अगदी बारीक आटे काढतात, म्हणजे वरच्या घट्ट कवचाला जास्त ठिकाणी आधार मिळून ताण वाटला जातो.

९. ओक, पाइन, बाल्सा आणि थर्मोकोल

जबड्याचं हाड सगळीकडे सारखं नसतं. अमेरिकी दंततज्ज्ञ कार्ल मिश यांनी त्याचे चार प्रकार सांगताना ड्रिल करताना हाताला येणारा अनुभव लाकडाच्या भाषेत मांडला. पहिला प्रकार ओकच्या किंवा मेपलच्या लाकडासारखा, दुसरा पाइनसारखा, तिसरा हलक्या बाल्सासारखा आणि चौथा चक्क थर्मोकोलसारखा. खालच्या जबड्याचा पुढचा भाग सर्वांत घट्ट. वरच्या जबड्याचा मागचा भाग सर्वांत भुसभुशीत, आणि नेमका तिथेच दाढांचा मोठा जोर पडतो. म्हणून तोच कोन, तोच स्क्रू एका जागी बिनघोर चालतो आणि दुसऱ्या जागी महागात पडतो.

१०. विमानाच्या पंखातून जबड्यात

हाडातला ताण जिवंत माणसात मोजणं फार अवघड. मग हे सारे आकडे येतात कुठून? विमानाचे पंख किती वाकतील हे काढण्यासाठी १९५० च्या दशकात बोइंगमध्ये एक पद्धत आकाराला आली. वस्तूचे हजारो छोटे तुकडे कल्पायचे, प्रत्येकाचं गणित मांडायचं आणि सगळी गणितं एकत्र सोडवायची. १९६० मध्ये रे क्लफ यांनी तिला ‘फायनाइट एलिमेंट मेथड’ हे नाव दिलं. १९७६ पासून ती दातांच्या इम्प्लांटसाठीही वापरली जाऊ लागली. संगणकाच्या पडद्यावर लाल रंग दिसला, तिथे ताण जास्त. निळा दिसला, तिथे कमी. एक सावधगिरी मात्र हवी. अशा बऱ्याच नमुन्यांमध्ये हाड एकजिनसी आणि इम्प्लांटला शंभर टक्के चिकटलेलं धरतात. खरं हाड तसं नसतं. म्हणून या पद्धतीचा उपयोग दोन रचनांची तुलना करण्यासाठी उत्तम. पण तिच्यातला आकडा म्हणजे रुग्णाचं भविष्य नव्हे.

११. कोनापेक्षा उंचवटे भारी

ही या यादीतली सर्वांत आश्चर्याची गोष्ट. १९९५ मध्ये वाइनबर्ग आणि क्रूगर या दोघांनी हिशेब मांडला. कॅपच्या वरच्या उंचवट्यांचा उतार १० अंशांनी वाढला, तर इम्प्लांटला वाकवणारा परिणाम सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. इम्प्लांट स्वतः १० अंशांनी तिरका बसला तर? फक्त सुमारे ५ टक्क्यांनी. आणि चावण्याची जागा १ मिलिमीटर बाहेर सरकली, तर सुमारे १५ टक्क्यांनी. कारण सोपं आहे. उतरत्या छपरावर पडलेलं पाणी जसं बाजूला वाहतं, तसाच तीव्र उतारावर पडलेला चावा आडवा वळतो. म्हणून इम्प्लांटवरची दाढ थोडी सपाट आणि थोडी अरुंद करतात. स्क्रू बसवणारे हात जितके महत्त्वाचे, तितकेच प्रयोगशाळेत बसून कॅप घडवणारे तंत्रज्ञही.

१२. मुद्दाम तिरके बसवलेले

तिरका म्हणजे वाईटच, असंही नाही. लिस्बनचे पाउलो मालो यांनी २००३ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. सगळे दात गेलेल्या जबड्यात फक्त चार इम्प्लांट : पुढचे दोन सरळ, मागचे दोन ४५ अंशांपर्यंत तिरके. तिरके ठेवल्याने वरच्या जबड्यातली सायनसची पोकळी आणि खालच्या जबड्यातली चेता वाचते, शिवाय स्क्रूचं डोकं मागच्या दाढांपाशी निघतं. त्यामुळे आधाराशिवाय मागे लोंबणारा दातांचा पूल आखूड होतो. गॅलरी जितकी बाहेर काढाल तितका भिंतीवर भार, हे कोणताही गवंडी सांगेल. इथे तीच गॅलरी आखूड केली आहे. चारही इम्प्लांट एका चौकटीत बांधलेले असल्याने एकाचा आडवा जोर बाकीचे वाटून घेतात. एकटा, सुटा इम्प्लांट असा तिरका ठेवला तर मात्र गळ्याशी ताण वाढतो.

१३. न मिळालेल्या सुट्या भागाची देणगी

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ५ आणि ६ मिलिमीटर रुंदीचे इम्प्लांट बाजारात आले, पण त्यांच्या मापाचे वरचे जोडतुकडे तयार नव्हते. डॉक्टरांनी ४.१ मिलिमीटरचे लहान तुकडेच त्यांच्यावर बसवले. कडेला एक छोटी पायरी राहिली. काही वर्षांनी एक्स-रे पाहिले, तर अशा इम्प्लांटभोवतीचं हाड नेहमीपेक्षा कमी झिजलेलं! लाझारा आणि पोर्टर यांनी २००६ मध्ये हे सविस्तर मांडलं आणि ही पायरी आता अनेक कंपन्या मुद्दाम ठेवतात. पायरीमुळे ताण हाडाच्या कडेपासून आत, इम्प्लांटच्या मध्याकडे सरकतो. किंमतही आहेच : वरच्या जोडतुकड्यावर आणि त्याच्या बारीक स्क्रूवर ताण वाढतो. ताण नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो.

१४. लेथवरचा शंकू तोंडात

लेथवर काम केलेल्यांना मोर्स टेपर शिकवायला नको. किंचित निमुळता दांडा तशाच निमुळत्या भोकात दाबला की घर्षणाने तो घट्ट बसतो. अमेरिकेत स्टीफन मोर्स यांनी १८६४ च्या सुमारास काढलेली ही युक्ती ड्रिलसाठी होती, आज ती इम्प्लांटमध्ये आहे. ब्रोनेमार्क यांच्या मूळ रचनेत वर ०.७ मिलिमीटर उंचीचा षटकोन होता, तोही इम्प्लांट फिरवून बसवता यावा यासाठी. त्यामुळे चावण्याचा आडवा जोर आतल्या बारीक स्क्रूवर यायचा आणि तो सैल व्हायचा. शंकूच्या जोडणीत हा जोर बाजूच्या भिंती घेतात. तरी स्क्रू योग्य जोराने आवळावाच लागतो. नेहमीचा आकडा ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर, म्हणजे १० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण ३५० ग्रॅम वजन टांगल्याइतका पीळ. कमी पडला तर जोडणी ढिली होते, जास्त झाला तर स्क्रू दुखावतो.

१५. पन्नास लाख चावे, चार दिवसांत

इम्प्लांट रुग्णाच्या तोंडात जाण्याआधी यंत्रात चावला जातो. आयएसओ १४८०१ हे त्याचं आंतरराष्ट्रीय मानक. त्यात इम्प्लांट सरळ धरत नाहीत, जोराच्या रेषेशी ३० अंशांचा कोन करून धरतात. वरचं ३ मिलिमीटर हाड आधीच झिजलं आहे असं मानून तेवढा भाग उघडा ठेवतात. म्हणजे परीक्षा मुद्दाम वाईट परिस्थितीची. मग ५० लाख वेळा जोर द्यायचा. सेकंदाला १५ वेळा दिला, तरी यंत्र जवळपास ९३ तास, म्हणजे चार दिवस-रात्र चालतं. आडवा जोर हाच खरा वैरी आहे, याची याहून स्पष्ट कबुली दुसरी नाही.

१६. हाड हिशेब ठेवतं

जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं, की हाड आपल्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. वापरलं तर टिकतं, न वापरलं तर झिजतं. दात गेला की जबड्याची कड बसत जाते, ती यामुळेच. पुढे अमेरिकी अस्थितज्ज्ञ हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी त्याला आकडे दिले. हाड मीटरमागे साधारण ३ मिलिमीटरच्या प्रमाणात ताणलं-दाबलं जाऊ लागलं, की झीज भरपाईच्या पुढे जाते. २५ मिलिमीटरच्या आसपास ते मोडतंच. इम्प्लांटभोवतीच्या हाडाला म्हणून थोडा ताण हवाच, पण बेताचा. जिमला जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

तर मग आपण काय करायचं?

इम्प्लांट ठरवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना चार प्रश्न मोकळेपणाने विचारा. माझं हाड त्या जागी किती रुंद आणि किती घट्ट आहे? स्क्रू किती तिरका बसणार, आणि तो मुद्दाम की नाइलाजाने? कॅपचा चावा कसा ठेवणार? संगणकावर आखणी करून मार्गदर्शक साचा वापरणार का? हा साचा वापरला, तरी ठरवलेल्या आणि प्रत्यक्ष कोनात सरासरी सुमारे साडेतीन अंशांचा फरक राहतो. १०० न्यूटनमागे आडवे सहाच न्यूटन, म्हणजे ताणाच्या दृष्टीने क्षुल्लक. पण १२ मिलिमीटरच्या स्क्रूचं टोक तेवढ्याने जवळपास पाऊण मिलिमीटर सरकतं, आणि खाली चेता जवळ असेल तर हे पाऊण मिलिमीटर फार मोलाचं.

झोपेत दात खायची सवय असेल तर ती लपवू नका, आधीच सांगा. झोपेतला तो जोर आडवा असतो, बराच वेळ टिकतो आणि त्याला आवर घालणारी जाणीव इम्प्लांटला नसते. रात्री घालायचं दंतकवच हा त्यावर साधा उपाय आहे. कॅप किंचितही हलतेय असं वाटलं, तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणू नका. सैल स्क्रू लवकर आवळला तर पाच मिनिटांचं काम असतं, उशीर केला तर तो आत मोडू शकतो. आणि दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्या. इम्प्लांट स्वतःहून दुखून सांगत नाही. त्याच्या वतीने आपल्यालाच विचारपूस करावी लागते.